सुधारणा कशाला म्हणायची? एका लहान स्पीकरचा इतिहास

शाळेच्या गच्चीवर बसवलेला कर्णा, नामसप्ताहाच्या मांडवातला स्पीकर आणि घरातला रेडिओ या तिघांचे मूळ काम एकच आहे. तारेतून आलेल्या विद्युतप्रवाहाचे हवेतील कंपनांत रूपांतर करणे, हे ते काम. पण तिघांकडून आपली अपेक्षा वेगवेगळी असते. कर्ण्यावरून मुख्याध्यापक बोलतात तेव्हा मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलालाही शब्द कळतात. आवाज मात्र मुख्याध्यापकांचा वाटत नाही, तो कर्ण्याचा वाटतो. कर्ण्याचे काम लांबपर्यंत पोचणे हे असल्यामुळे आपण त्याबद्दल तक्रारही करत नाही.

याच्या नेमके उलट काम करणारा स्पीकर असतो. त्याला ध्वनितंत्रज्ञ ‘मॉनिटर’ म्हणतात. आपण ‘तपासणीचा स्पीकर’ म्हणू. रेडिओ केंद्रात किंवा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेपलीकडे कोणी बोलत असते आणि अलीकडे बसलेला तंत्रज्ञ तो आवाज या स्पीकरवर ऐकतो. आवाज घोगरा झाला का, मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ आला का, मागे पंखा घरघरतो आहे का, हे त्याला याच स्पीकरवरून ठरवायचे असते. म्हणजे हा स्पीकर खरे तर एक मापन-उपकरण आहे. तराजूने वजन गोड करून सांगितले तर तो तराजू कामाचा नाही. तसेच या स्पीकरचेही आहे.

अशा तपासणीच्या स्पीकरांपैकी एका लहानशा पेटीचा इतिहास या लेखात पाहायचा आहे. ती इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात तयार झाली, आणि आज पन्नास वर्षांनंतरही लोक ती जपतात, दुरुस्त करतात, तिच्यात बदल करतात व त्या बदलांवरून हिरिरीने भांडतात. त्या भांडणात विज्ञानशिक्षकाला उपयोगी पडणारा एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या वस्तूत केलेला बदल ही सुधारणा आहे, हे कशावरून ठरवायचे?

दीडशे गावे, वीस कार्यक्रम

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर इंग्लंडच्या आधी आपल्याकडेच मिळाले होते, आणि तेही रेडिओच्याच संदर्भात. म्हणून आधी तिकडे वळू.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ असे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ही मंडळी सामुदायिक रेडिओ संचासमोर जमत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत. त्यांचे प्रश्न पुण्याला पाठवले जात आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याची आखणी समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांची होती. आपल्या दृष्टीने ही आखणी महत्त्वाची आहे. मंडळे असलेल्या काही गावांतील लोकांना कार्यक्रमांच्या आधी व नंतर प्रश्न विचारून त्यांची माहिती किती वाढली हे पाहिले गेलेच. पण त्याबरोबर तुलनेसाठी वेगळी गावेही घेतली. त्यांपैकी काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काही गावांत दोन्ही नव्हते. मंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ ठळकपणे जास्त आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तितकी वाढ नव्हती. त्यामुळे हा परिणाम रेडिओ आणि चर्चा यांच्या जोडीचा आहे, एकट्या रेडिओचा किंवा मधल्या काळाचा नाही, असे म्हणता आले. तुलनेची गावे नसती, तर ‘लोकांना पूर्वीपेक्षा जास्त माहिती आहे’ एवढेच विधान हाती राहिले असते आणि त्याचे श्रेय कोणालाही घेता आले असते. पुढे नोव्हेंबर १९५९मध्ये ही योजना देशभर लागू झाली.

या प्रयोगाचा सगळा भार बोलण्यावर होता. पुण्याच्या स्टुडिओत बोललेले वाक्य नगर जिल्ह्यातल्या गावात, संचाभोवती बसलेल्या वीस जणांना कळले, तरच पुढची चर्चा होणार. आता मधल्या साखळीचा विचार करा. स्टुडिओतील तंत्रज्ञ ज्या स्पीकरवर आवाज तपासतो, तोच जर खर्जाचे स्वर फुगवून सांगत असेल, तर तंत्रज्ञ प्रसारणातला खर्ज कमी करील. परिणामी ऐकणाऱ्या प्रत्येक गावात आवाज पातळ आणि किनरा पोचेल. गावातला एक संच बिघडला तर एका गावाचे नुकसान. तपासणीचा स्पीकर चुकला तर सगळ्यांचे. म्हणून प्रसारणसंस्थांना या स्पीकरची काळजी फार.

आपल्या नभोवाणीची तांत्रिक घडण बीबीसीच्या वळणावर झाली आहे. १९३५ साली नियंत्रक म्हणून आलेले लायोनेल फील्डन बीबीसीचे. १९३६ साली देशातील प्रसारणाची पाहणी करणारे एच. एल. कर्क हे बीबीसीच्या संशोधन विभागाचे प्रमुख. आणि त्याच वर्षी मुख्य अभियंता म्हणून आलेले सी. डब्ल्यू. गॉयडर हेही बीबीसीचेच. कर्क यांच्या या संशोधन विभागातच पुढे आपल्या लहान पेटीचा जन्म झाला.

लहान पेटीची अडचण

आज वापरात असलेला फिरत्या वेटोळ्याचा स्पीकर अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला जोडलेला शंकू. वेटोळ्यातून उलटसुलट प्रवाह गेला की शंकू पुढेमागे होतो आणि हवा ढकलतो. तत्त्व इतके सोपे आहे की दहावीच्या विद्यार्थ्यालाही ते सहज समजते.

अडचण हवा ढकलण्यात आहे. शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या स्वरांत पुढची हवा कडेने वळून मागे जाते व दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर हातात धरून वाजवला, तर आवाज बारीक येतो. पुठ्ठ्याला त्याच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो धरला, की लगेच भरदार होतो. स्पीकरला पेटी लागते ती यासाठी.

पण पेटी लहान केली की दुसरी अडचण येते. एकाच शंकूने तोच ध्वनिदाब निम्म्या वारंवारतेला निर्माण करायचा असेल, तर त्याला चौपट अंतर हलावे लागते. शंभर हर्ट्झला एक मिलिमीटर हलत असेल, तर पन्नासला चार आणि पंचविसाला सोळा मिलिमीटर! लहान शंकूला ते झेपत नाही. शिवाय बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. या स्प्रिंगचाच उपयोग करून घेण्याची कल्पना एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत यशस्वी करून दाखवली. तरीही पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि खर्ज तितका लवकर संपतो. थोडक्यात, लहान आकार, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज या तीन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. त्यांतील एक तरी सोडावी लागते.

आठपट लहान स्टुडिओ

१९६०च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीच्या संशोधन विभागात ड्डली हारवुड आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच कामात होते. नवा स्टुडिओ बांधण्यापूर्वी त्यात आवाज कसा घुमेल हे कळावे, म्हणून ते स्टुडिओची एक-अष्टमांश मापाची प्रतिकृती तयार करत आणि तिच्यात संगीत वाजवून पाहत.

यातले गणित वर्गात जरूर करून घ्यावे. प्रतिकृती आठपट लहान झाली, पण हवेतील ध्वनीचा वेग बदलला नाही. खऱ्या स्टुडिओत तरंग आणि भिंती यांचे जे प्रमाण आहे, तेच प्रतिकृतीत हवे असेल, तर तरंगलांबीही आठपट लहान हवी; म्हणजेच वारंवारता आठपट मोठी हवी. खऱ्या स्टुडिओतील ५० हर्ट्झसाठी प्रतिकृतीत ४०० हर्ट्झ, आणि १२,००० हर्ट्झसाठी ९६,००० हर्ट्झ! एवढ्या उच्च वारंवारता दमट हवेत लवकर शोषल्या जातात, त्यामुळे अशा प्रयोगांत हवा कोरडी राखावी लागते.

तेव्हा ४०० ते सुमारे एक लाख हर्ट्झ एवढा पल्ला देणारा, आणि प्रतिकृतीत मावेल इतका लहान स्पीकर त्यांना बनवावा लागला. त्यासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांकरिता वेगवेगळे लहान स्पीकर जोडले होते. त्यांतील खालच्या पट्ट्याचा भाग नेहमीच्या वारंवारतेला वाजवून पाहिला, तेव्हा तो आकाराच्या मानाने फारच नैसर्गिक वाटला.

त्याच सुमारास बीबीसीच्या बाह्यप्रसारण विभागाची एक गरज होती. क्रिकेटचे मैदान, चर्च, सभागृह अशा ठिकाणांहून प्रसारण करणाऱ्या गाड्यांत मोठे स्पीकर मावत नसत, आणि हेडफोनवर आवाजाचा तोल नीट ठरवता येत नाही. प्रतिकृतीसाठी झालेले काम या गरजेला जुळले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एलएस ३/५’ ही पेटी तयार झाली. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, ३ हा आकडा बाह्यप्रसारणाचा, आणि ५ हा त्या मालिकेतील क्रमांक.

पेटी खरेच लहान होती. उंची सुमारे ३० सेंटिमीटर, रुंदी १९ आणि खोली १६. आत जेमतेम पाच लिटर हवा. वूफर आणि ट्विटर दोन्ही केईएफ या कंपनीचे. बीबीसीत काम केलेल्या रेमंड कुक यांनी ही कंपनी १९६१ साली केंट परगण्यात सुरू केली होती. वूफरचा शंकू कागदाचा नव्हता, बेक्स्ट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा होता. कागद प्रत्येक घाण्यात थोडा वेगळा निघतो, हवेतील ओलाव्याने बदलतो. प्लॅस्टिकचे शंकू एकसारखे काढणे सोपे. बेक्स्ट्रीनचे दोषही होते. ते जड असल्यामुळे स्पीकर कमी आवाज देतो, आणि एक-दीड हजार हर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज वर चढतो. हा उंचवटा सपाट करण्यासाठी विभाजक मंडलात, म्हणजे क्रॉसओव्हरमध्ये, कॉइल, कपॅसिटर आणि रोध यांचे खास जाळे बसवले होते. वूफरकडून ट्विटरकडे काम सोपवण्याची वारंवारता सुमारे तीन हजार हर्ट्झ.

उत्पादनाची वेळ आली तेव्हा असे आढळले, की वूफर आणि ट्विटर दोन्ही दरम्यानच्या काळात बदलले आहेत आणि जुना क्रॉसओव्हर त्यांना लागू पडत नाही. बीबीसीच्या दुसऱ्या एका विभागाने, म्हणजे डिझाइन्स विभागाने, नव्याने काम करून १९७४च्या सुमारास सुधारित आवृत्ती काढली. तिच्या नावापुढे ‘ए’ हे अक्षर लागले, आणि ‘एलएस ३/५ए’ हेच नाव पुढे प्रसिद्ध झाले. हारवुड, व्हॉटन आणि मिल्स यांनी या कामाचा अहवाल १९७६ साली प्रसिद्ध केला. सार्वजनिक पैशांतून झालेल्या संशोधनाचा तपशील असा खुला राहिला, म्हणूनच आज आपण त्याविषयी इतके निश्चितपणे बोलू शकतो.

मोजमाप आणि कान

या पेटीचे काही तपशील पाहिले की तिच्यामागची विचारपद्धती कळते.

भिंती १२ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवुडच्या. जाड आणि ताठ भिंत चांगली, असे आपल्याला सहज वाटते. हारवुड यांचा अनुभव वेगळा होता. भिंत कितीही ताठ केली तरी कोठे तरी अनुनाद होणारच; ताठ केल्याने तो वरच्या वारंवारतेला सरकतो, जिथे आपला कान अधिक चोखंदळ असतो. त्यापेक्षा भिंत पातळ ठेवून आतून डांबरी थर चिकटवावा, म्हणजे अनुनाद खालच्या वारंवारतेला राहतो आणि लवकर विरतो. कोपऱ्यांतील पट्ट्या बीच लाकडाच्या होत्या. त्याऐवजी पॅराना पाइन वापरून पाहिले, तेव्हा आवाजाला वेगळा रंग चढलेला ऐकू आला.

ट्विटरभोवती लोकरी नमद्याच्या जाड पट्ट्या लावल्या होत्या. ट्विटरचा ध्वनी पेटीच्या कडांवर आपटून विवर्तनाने पुन्हा पसरतो आणि मूळ ध्वनीत मिसळतो. नमदा तो कडांपर्यंत पोचण्याआधीच शोषून घेतो. पुढचे कापडही मोजमापात धरलेले होते. म्हणजे कापड लावलेल्या स्थितीतच पेटीचा आवाज योग्य ठरवला होता.

खर्ज मात्र ७० हर्ट्झच्या खाली झपाट्याने उतरतो. शंभर हर्ट्झच्या थोडे वर असलेल्या किंचित उंचवट्यामुळे ऐकणाऱ्याला तो जास्त वाटतो, इतकेच. आवाजही मोठा नाही. एक मीटरवर सुमारे ८३ डेसिबल. मांडवात लावायचा कर्णा एक वॅटला शंभराच्या पुढे सहज जातो. २० डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत शंभरपट फरक. तीन गोष्टींपैकी बीबीसीने कोणती सोडली, हे यावरून स्पष्ट होते. गाडीत दोन हातांवर बसून बोलणे ऐकणाऱ्या तंत्रज्ञाला मोठ्या आवाजाची गरजच नव्हती.

आता मुख्य मुद्दा. आलेख सपाट आला म्हणजे काम झाले, असे बीबीसीने मानले नाही. शेवटची परीक्षा माणसाच्या बोलण्याची असे. ओळखीचा माणूस शेजारच्या खोलीत बोलतो. त्याचा आवाज मायक्रोफोनमार्फत स्पीकरवर येतो. ऐकणारे त्या माणसाला प्रत्यक्ष ऐकतात आणि स्पीकरवरही ऐकतात. बोलणेच का? कारण माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत. व्हायोलिन थोडे वेगळे वाजले तर ते वाद्यच तसे असेल असे वाटते; पण सहकाऱ्याला सर्दी झाल्यासारखा आवाज येऊ लागला, की दोष स्पीकरचा आहे हे कोणीही सांगेल. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवणे, हीच ती पद्धत. मंडळे असलेली गावे आणि तुलनेची गावे शेजारी ठेवण्यामागचा विचारही हाच होता.

दुसरी खबरदारी उत्पादनाची. बीबीसी स्वतः विक्रीसाठी पेट्या बनवत नव्हती. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर अशा कंपन्यांना तिने परवाने दिले. पुढे स्पेंडॉर, गुडमन्स आणि हारबेथ यांनाही मिळाले. यांतील हारबेथ ही तर बीबीसी सोडल्यावर हारवुड यांनीच काढलेली कंपनी. कोणत्याही कंपनीची पेटी बीबीसीने जपलेल्या संदर्भ-पेटीशी जुळली पाहिजे, अशी अट होती. ट्विटर एकसारखे निघत नसत, म्हणून क्रॉसओव्हरमधील लहान ट्रान्सफॉर्मरला निरनिराळे फाटे ठेवले होते. ज्या ट्विटरचा आवाज कमी, त्याला वरचा फाटा. ज्याचा जास्त, त्याला खालचा. एक पेटी मोडली तर गाडीत दुसरी कोणतीही उचलून लावता यावी, हा हेतू.

बदलाचा एक नमुना

१९८०च्या दशकात एक अडचण हळूहळू पुढे आली. वूफरचे गुणधर्म वर्षानुवर्षांच्या उत्पादनात सरकत गेले होते. प्लॅस्टिक, त्यावरचा लेप, कडेचे रबर यांपैकी प्रत्येक गोष्ट थोडीथोडी बदलली, की एकूण फरक मोठा होतो. संदर्भ-पेटीशी न जुळणारे वूफर वाढू लागले.

१९८७-८८च्या सुमारास वूफर सुधारून अधिक एकसारखा केला गेला आणि त्याला साजेसा नवा क्रॉसओव्हर आखण्यात आला. पेटीचा विद्युत संरोध १५ ओहमवरून ११ ओहमवर आला. म्हणून जुन्या पेट्यांचे शौकीन आजही ‘पंधरावाली’ आणि ‘अकरावाली’ असे दोन पंथ मानतात आणि कोणती श्रेष्ठ यावर वाद घालतात. इतिहासकाराने मात्र हे लक्षात घ्यावे, की हा बदल कोणाला नवा आवाज हवा होता म्हणून झालेला नव्हता. जुना आवाज हातातून निसटत होता, तो परत आणण्यासाठी झाला होता. आतले सुटे भाग बदलले, कारण बाहेरचा आवाज तोच ठेवायचा होता.

पुढे केईएफने हे वूफर-ट्विटर बनवणे थांबवले. २००५च्या सुमारास स्टर्लिंग या कंपनीने निराळे वूफर-ट्विटर वापरून त्याच आवाजाशी जुळणारी पेटी काढली. केईएफमध्ये मूळ वूफर-ट्विटर आखणाऱ्या माल्कम जोन्स यांच्या फाल्कन या कंपनीने उलट मार्ग धरला. तिने मूळ वूफर-ट्विटरच नव्याने घडवले आणि २०१४च्या सुमारास परवाना मिळवला. एकाने आवाज जपला, दुसऱ्याने आवाज आणि घडण दोन्ही. पण दोघांनाही तुलनेसाठी जुनी पेटी लागली.

घरच्या सुधारणा

जुनी पेटी हाती आलेल्या शौकिनाला ती ‘सुधारावी’ असे वाटल्यावाचून राहत नाही. काय काय केले जाते, आणि त्याचा भौतिक अर्थ काय?

कोणी नमदा काढतो, कारण तो कुरतडलेला दिसतो. विवर्तन परत येते आणि वरच्या पट्टीत खाचखळगे पडतात. कोणी कापड काढून टाकतो. आवाज अधिक ‘उघडा’ वाटतो, कारण उच्च स्वर मोजमापापेक्षा वाढलेले असतात. कोणी भिंतींना आतून जाड लाकूड ठोकतो. अनुनाद वर सरकतो, आतली हवा कमी होते आणि खर्ज आणखी आटतो. कोणी क्रॉसओव्हरमधील सगळे कपॅसिटर महागडे आणून बदलतो. नव्यांची किंमत जुन्यांपेक्षा काही टक्के वेगळी असेल, तर काळजीपूर्वक जुळवलेला तोल बिघडतो. त्यातही या पेटीतील कपॅसिटर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे आहेत. स्वस्त स्पीकरांतील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर काही वर्षांत सुकतात, तसे हे सुकत नाहीत. आधी मोजावे, आणि बदललेले आढळले तरच काढावे.

याउलट काही कामे अगदी रास्त आहेत. वूफरचे सैल झालेले स्क्रू आवळणे, झिजलेली चकती बदलून पेटी पुन्हा हवाबंद करणे, गंजलेली टोके घासणे, गळून पडलेला डांबरी थर परत चिकटवणे. यांना दुरुस्ती म्हणावे. या कामांनी पेटी तिच्या मूळ स्थितीकडे जाते.

आपल्याकडे तालुक्याच्या बाजारपेठेत फाटलेल्या स्पीकरचा कागद आणि जळलेली कॉइल बदलून देणारे कारागीर असतात. त्यांच्या हातात विलक्षण कौशल्य असते. मांडववाल्याचा स्पीकर ते तासाभरात बोलता करतात. पण नव्या कागदाचे वजन आणि ताठपणा जुन्यासारखाच असेल असे नाही, आणि कर्ण्याच्या बाबतीत ते पाहण्याची गरजही नसते. तपासणीच्या स्पीकरला तेच काम केले, तर तो वाजेल, कदाचित आधीपेक्षा मोठ्याने वाजेल, पण तपासणीसाठी त्यावर विसंबता येणार नाही. दोष कारागिराचा नाही. कोणत्या वस्तूकडून कोणते काम घ्यायचे आहे, हे आधी ठरवायला हवे.

मग बदल करूच नयेत का? जरूर करावेत. आपल्या घरात आपल्याला गोड वाटणारा आवाज हवा, ही इच्छा निर्दोष आहे. मात्र तिला आवड म्हणावे. सुधारणा म्हणायचे असेल, तर तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: कशाच्या तुलनेत, कोणत्या बाबतीत, आणि कोणत्या परीक्षेने.

वर्गात करून पाहा

या इतिहासातला गाभा कोणत्याही शाळेत अनुभवता येतो, आणि त्यासाठी महागड्या पेट्यांची गरज नाही.

पहिला प्रयोग. वर्गाच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा बांधा. एका विद्यार्थ्याला पडद्यामागे बसवून धड्यातील परिच्छेद वाचायला सांगा. त्याच्याच आवाजात तोच परिच्छेद आधी मोबाइलवर मुद्रित करून ठेवा आणि साध्या स्पीकरवरून पडद्यामागून ऐकवा. प्रत्यक्ष कोणता आणि मुद्रित कोणता, हे मुले सहज ओळखतील. आता खरा प्रश्न विचारा: कशावरून ओळखले? ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले का? आवाज नाकातून आल्यासारखा वाटला का? मुलांनी दिलेली वर्णने फळ्यावर लिहा. मग स्पीकर खोक्यात ठेवून, खोक्यात जुने कापड भरून, तोंडावर पातळ फडके लावून पुन्हा ऐकवा आणि कोणते दोष कमी झाले, कोणते वाढले ते नोंदवा. दोन्ही आवाज सारख्याच मोठ्याने यायला हवेत, ही अट पाळा. किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच चांगला वाटतो आणि अनेक ‘सुधारणा’ एवढ्यावरच उभ्या असतात.

दुसरा प्रयोग. दोन सारखे स्पीकर तोंडाला तोंड लावून ठेवा आणि एकाच ठिकाणाहून वाजवा. मग एका स्पीकरच्या दोन्ही तारांची अदलाबदल करा. एका जोडणीत खर्ज भरदार येईल, दुसरीत जवळजवळ नाहीसा होईल. पुठ्ठ्याच्या भोकाचा खुलासा मुलांना येथे आपोआप होईल.

तिसरा प्रयोग गणिताच्या शिक्षकांसाठी. एखाद्या मुलाने दावा केला की नवी तार जोडल्यामुळे आवाज सुधारला. त्याला पाठ फिरवून बसवा. नाणे उडवून छापा आला तर जुनी तार, काटा आला तर नवी. प्रत्येक वेळी त्याने उत्तर सांगायचे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का आहे. नऊ बरोबर आली, तर त्याचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे. पाच-सहा आली, तर त्याला खोटे ठरवू नका. फरक एवढ्या परीक्षेत दिसला नाही, इतकेच सांगा. परीक्षेतून जितके निघते तितकेच बोलायचे, ही सवय मुलांना येथे लागते.

अध्यापनाच्या नव्या पद्धती, नवी पाठ्यपुस्तके, नवी उपकरणे शाळेत सतत येत असतात आणि प्रत्येक वेळी त्यांना सुधारणा म्हटले जाते. त्यांतल्या काही खरोखर सुधारणा असतात. त्या ओळखण्याची रीत १९५६ साली नगर-नाशिककडच्या खेड्यांत वापरून झालेली आहे. ती अवघड नाही आणि खर्चिकही नाही. नवे आणताना जुने थोडे शिल्लक ठेवायचे, दोन्ही शेजारी ठेवायचे, आणि निकाल लागेपर्यंत थांबायचे.